बंद दारांच्या जिन्यात बसलेली आई

आई-अण्णांना शिंगणापूरहून नगरला माझ्या फ्लॅटवर आणले, त्या दिवसांत मी देवापुढे हात जोडणेच सोडले होते. राग होता. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माडीच्या जिन्यावरून दोनदा पडलेले. आईला साखरेचा आजार, आणि सात खोल्या झाडणारी ती एकटी. मी सगळे मोजले होते. माडीच्या पायऱ्या चौदा, न्हाणीघर अंगणापलीकडे बावीस पावले, दवाखाना गाडीने अर्धा तास. फ्लॅटमध्ये न्हाणीघर सहा पावलांवर. यात विचार करण्यासारखे काय होते? तरी अण्णा म्हणाले, "तू मोजीत बस. आमी काय पोती हाय व्हय, हितली तिथं रचायला?" मी ओरडलो. शेवटी महिनाभर राहून बघू, एवढेच त्यांनी कबूल केले.

गावाकडे आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. पडदा असतो. ज्या शनिदेवाच्या भरवशावर घर असे उघडे ठेवायचे, त्याला एक म्हातारा जिन्यावर सांभाळता आला नाही, हे मी मनातल्या मनात त्याला रोज सुनावत होतो. फ्लॅटमध्येही दोघे दार उघडेच टाकत. कुत्रे आत येई, शेजारी तक्रार करीत. चिडून मी, दार ओढले की आपोआप बंद होणारे कुलूप बसवून घेतले.

तो शनिवार होता. लिफ्ट बंद, म्हणून मी सकाळीच वॉचमनला झापून कामावर गेलो होतो. पत्नीही कामावर होती. आई तुळशीला पाणी घालायला बाहेर आली आणि वाऱ्याने दार लागले. आत झोपलेल्या अण्णांना ऐकू कमी येते. तिने दिलेल्या हाका त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत. मजल्यावरच्या उरलेल्या तिन्ही घरांत माणसे होती. आईने एकही दार वाजवले नाही. उपाशीपोटी ती सव्वादोन तास जिन्यात बसून राहिली.

वर पाचव्या मजल्यावर डबा पोचवायला निघालेली एक बाई लिफ्ट बंद म्हणून जिन्याने आली. आई घामाने भिजलेली, बोलणे अडखळणारे. त्या बाईने डबा उघडून शिऱ्याचा घास पुढे केला. आई म्हणाली, "उपास हाय माझा."

"उपासाचं देव बघंल आजी, तुमी आदी तोंड उघडा."

मग तिने तिन्ही दारे बडवली. शेजाऱ्यांचा फोन आला तसा मी धावत घरी पोचलो. आई शुद्धीवर होती, आणि मी काय केले? तिलाच रागावलो. दार का नाही वाजवलेस? ती म्हणाली, "आरं, गावाला जाताना आपन चौकटीला फळी लावतो ना? दारं बंद दिसली, मला वाटलं समदी गावाला गेल्यात."

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला जिन्यात गाठून आभार मानले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. डबा रिकामा पोचला म्हनून बोलनी खाल्ली मी. पर म्हातारीला असं बाहेर कोंडता व्हय तुमी?" ज्या बंद लिफ्टवर मी चिडलो होतो, ती चालू असती तर ही बाई आईच्या वाटेवर आलीच नसती. हे कसे घडले ते मी कुणाला पटवू पाहत नाही. घडले ते सांगतो.

त्या संध्याकाळी मी आईला पहिल्यांदा विचारले, "तुला काय हवंय?"

"माडी नको बाबा, न्हाई चढवत. सात खोल्या बी नको. पर हाक मारली तर कुनी यावं, तिथं ऱ्हायचंय."

"म्हंजी तू बी घर मोडनार?" अण्णा म्हणाले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनी स्वतःच विचारले, गावच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत दोन खाटा बसतील का. मोजून सांग, म्हणाले.

आता ते गावी त्या दोनच खोल्यांत राहतात. न्हाणीघर खोलीला लागून बांधले. माडी आणि मागच्या खोल्या चुलतभावाच्या कुटुंबाला दिल्या. दवाखाना अजूनही अर्ध्या तासावरच आहे. माझ्या कुठल्याही हिशेबाने तो जवळ येत नाही, आणि त्याचा मला राग येतो. शनिवारी गावी गेलो की देवाला तेल वाहतो आणि तो राग तिथेच ठेवायचे ठरवतो. सगळा सुटत नाही. जेवढा सुटतो, तेवढी त्याची कृपा मानतो, आणि आईला हाक मारत घरात शिरतो.