पोलंडहून आलेली बाई

कडुबा साळवे तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथं मशिनं बसवायला परदेशी इंजिनिअर यायचे आणि जाताना विचारायचे, पुढच्या खेपेला काय आणू? बाकीच्यांनी सेंट मागितलं, चॉकलेटं मागितली. कडुबांनी सांगितलं, "तुमच्या खेड्यातल्या माणसानं हातानं केलेलं, जुनं, कुणाला नकोसं झालेलं काहीतरी आणा." इतकी स्वस्त मागणी कुणी कशाला टाळेल? जपानचा गवताचा घोडा आला, स्वीडनचा लोण्याचा साचा आला, मेक्सिकोतल्या कुणाच्या तरी बऱ्या झालेल्या पायाचं, नवस फेडायला पत्र्यावर काढलेलं चित्र आलं. ते निवृत्त झाले तोवर मुकुंदवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत एकोणीस देश राहायला आले होते. बायको करुणाबाई म्हणायच्या, "पाहुण्याला बसायला जागा नाय, पण स्वीडनची सोय आहे."

यात सगळ्यांत मोठी पोलंडची बाई. कमरेइतकी उंच, एका ओंडक्यात कोरलेली, डोक्याला रुमाल, हात पोटावर. आतून पोकळ, पाठीला फळीचं दार आणि नाभीच्या जागी बोटभर भोक. ती मधमाश्यांची पेटी होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुण्या शेतकऱ्याला माश्यांनी बाईच्या पोटात राहावंसं वाटलं, आणि तो तसं करून मोकळा झाला. कडुबांचा जीव या बाईवर सगळ्यांत जास्त.

उन्हाळ्यात तिच्या पायाशी भुसा दिसला. कीड लागली म्हणून कडुबांनी तिला गल्लीतल्या लिंबाखाली उभं केलं, सकाळचं ऊन लागावं म्हणून तोंड पूर्वेला केलं, आणि जवसाचं तेल कापसानं चोळलं. तीन दिवस रोज चोळलं. पहिला दिवस शनिवार होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. गल्लीच्या आलं. मग लेकीकडून, विशाखाकडून, बिडकीनहून फोन आला, नातू पडला, हाताला प्लॅस्टर आहे. दोघं चार दिवस तिकडं गेले.

परत आले तेव्हा बाईला शेंदूर होता. डोळ्यांच्या जागी चांदीचे डोळे चिकटवले होते, आणि पोटात दिवा होता. नाभीतून उजेड येत होता. दिसत होतं सुरेख, हे कडुबांनीही मनातल्या मनात मान्य केलं. मग त्यांनी फळी उघडून पाहिली. आतलं लाकूड तळहाताएवढं काळं झालं होतं.

समोरच्या साळूबाई आरतीचं ताट घेऊन उभ्याच होत्या. कडुबा म्हणाले, "साळूबाई, ही देवी नाय. मधमाश्यांची पेटी आहे."

"मंग लईच जागृत म्हणायची. माश्या काय कुणाच्याबी पोटात ऱ्हात्यात व्हय?"

"पोलंडची आहे ती."

"असंल की. सूनबी परक्या गावचीच असती."

"मी फक्त किडीसाठी तेल लावत होतो."

"तुमी बौद्ध मानूस असून लावलं, म्हनून तर आमाला पटलं," साळूबाई म्हणाल्या.

कडुबांनी पोलीस चौकीत अर्ज दिला. तिथल्या हवालदारानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मूर्ती चोरीला गेली का?" नाही, जागेवरच आहे. "मग तक्रार काय, लोक पाया पडतात?" गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष माऊली मात्र प्रेमानं बोलला. "काका, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. पन आता उचलली आन् उद्या कुनाचं पोर आजारी पडलं, तर लोक तुमच्या दारात येतील. मी येऊ देनार नाय, पन ते येतील." शिवाय त्यानं फ्लेक्स लावला. 'मूर्तीदाते' म्हणून वर कडुबांचा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा.

फ्लेक्स विहाराच्या रस्त्यावरूनही दिसत होता. रविवारी वंदनेनंतर फकिरा जाधव म्हणाले, "कडुबा, बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना अजून?" सगळे हसले. कडुबाही हसले, दुसरं काय करणार.

आता त्यांची मागणी एकच उरली होती. शेंदूर राहू द्या, डोळे राहू द्या, पण आत जाळ नको. माऊलीनं ती बैठकीत ठेवली आणि निरोप आणला: नवरात्रात अखंड दिवा आतच लागणार, नऊ दिवस. बॅटरीचा दिवा बायकांनी फेटाळला.

कडुबांनी विचारलं, "अखंड म्हणजे त्याच्याजवळ कुणीतरी बसायला लागेल ना?"

"लागतंच. दिवसाच्या पाळीला मानूस मिळंना. पोरं कामावर."

"मी बसतो."

माऊलीनं त्यांचे पाय धरले. साळूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

घटस्थापनेला सकाळी कडुबा बाईच्या पाठीशी खुर्ची टाकून बसले. दिव्याखाली त्यांनी कौलाचा तुकडा सरकवला होता, वरच्या लाकडाला आतून ओलं फडकं लावलं होतं, आणि ते दर अर्ध्या तासानं बदलत होते. येणारा जाणारा आधी देवीच्या पाया पडे, मग त्यांच्या. दहा वाजता करुणाबाई चहा घेऊन आल्या.

"किती दिवस?"

"नऊ."

"आणि पुढच्या वर्षी?"

कडुबांनी फळी किलकिली केली आणि चिमट्यानं वात सूतभर आत ओढली.