वरातीला आमच्याच प्लँटचं पाणी

फिल्टर प्लँटवर किस्से गाळासारखे साचतात. वेळच्या वेळी बाहेर काढले नाहीत तर टाकीच भरते! आमचा प्लँट अकोटकडच्या एका गावाला पाणी देतो. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर माझी बदली धारणीला व्हायची.

मी तिथली केमिस्ट, आणि सुधाकरभाऊ आमचे ऑपरेटर. उन्हाळ्यात धरण आटलं की पाण्यात शेवाळ माजतं. त्यात तुरटी घालायची, आधी जोरात ढवळायचं, मग हळू. शेवाळाच्या गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. एवढंच आमचं शास्त्र.

यंदा भाऊंनी ऐन मे महिन्यात लेकीचं लग्न काढलं, आणि जाहीर केलं, "लग्नात कॅन आणाची नाही. आपल्या नळाचंच पाणी." आम्ही सगळे गारच पडलो. व्याही अमरावतीचे, आणि आपल्या शहरच्या पाण्याचा त्यांना भारी अभिमान.

*

त्याच सुमारास एक आजोबा तांब्या घेऊन प्लँटवर आले. नळातून जिनिंगचा कापूस येतो, अशी त्यांची तक्रार. पाहिलं तर आमच्याच टाकीतल्या गुठळ्या वाहून गेलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ मात्र तांब्यात डोकावून खूश! म्हणाले, "म्याडम, गुठळी कशी मस्त बांधली गेली पाहा."

आजोबांनी तांब्या त्यांच्यापुढे धरला. "मस्त आहे तं तूच पे."

भाऊ खरंच प्यायले. आम्ही टाकीकडे पळालो.

*

भाऊंचं हे वेड घरीही चालतं. एकदा रेखावहिनी पिठलं करत होत्या. भाऊंनी डाव हातात घेतला, आधी जोरात फिरवला, मग अगदी हळू, आणि वर सांगितलं की आता हात लावू नको, बसू दे. पिठल्याच्या ह्या मोठ्या गुठळ्या झाल्या. वहिनी म्हणाल्या, "प्लँटवर गुठळ्या झाल्या तं तुमाले शाबासकी भेटते. इथं कोन खाईन?"

*

लग्नाच्या आठवड्यात शेवाळानं आमची परीक्षाच पाहिली. सकाळी पाणी काचेसारखं, दुपारी पुन्हा हिरवट, वर मातकट वास. शेवटी ध्यानात आलं की ऊन चढलं की शेवाळ पाण्याचा गुणच बदलतं, आणि सकाळी ठरवलेली तुरटी दुपारी पुरत नाही. मी भाऊंना बाजूला घेऊन सुचवलं की गुपचूप कॅन मागवू, कोणाला कळणार आहे?

त्यांचा चेहरा पडला. "म्याडम, जे गावाले पाजतो तेच व्याह्याले पाजीन. नाही तं गावाले काय तोंड दाखवू?"

हळदीच्या दिवशी भर दुपारी हा माणूस पिवळ्या अंगानं लॅबमध्ये हजर! सहा भांड्यांत तुरटीचं प्रमाण बदलून बदलून आम्ही दुपारचा डोस बसवला. भांड्यांवर पिवळ्या बोटांचे ठसे उठले, ते मी अजून घासतेय.

*

लग्नाच्या पंगतीत आमचा सगळा प्लँट व्याह्यांच्या समोर भिंतीला टेकून उभा. त्यांनी ग्लास उचलला, उजेडात धरला, हुंगला आणि प्यायला. मग वरण मागितलं. आमचा जीव टांगणीला! भाऊंना तर जेवण गेलं नाही.

संध्याकाळी पाठवणी झाली. लेक गळ्यात पडून रडली, वहिनी रडल्या, मीही रडले. भाऊ मात्र कोरडे, सगळ्यांना धीर देत उभे.

गाडी सुरू झाली आणि व्याही परत खाली उतरले. हातात रिकाम्या बाटल्या होत्या. मांडवातल्या आमच्या पाण्याच्या ड्रमची तोटी सोडून त्यांनी एकेक बाटली काठोकाठ भरली आणि म्हणाले, "घरापर्यंत पुरलं पाह्यजे."

गाडी गेली, आणि सुधाकरभाऊ ड्रमला धरून जे ढसाढसा रडायला लागले ते थांबेचनात. जमलेल्या बाया वहिनींना म्हणाल्या, बापाचं काळीज आहे, पोरीची आठवण येणारच.

वहिनींनी डोळे पुसले. "पोरगी तं मंघाच गाडीत बसली बाई, तवा कुठं रडले?"