हौदाला आलेला ताप

उन्हाळा लागला की आमची मेंढरं पार नदीकाठी न्यावी लागत. माझे मालक त्यांच्यामागं जायचे ते मृगालाच घरी दिसायचे. नव्वदनंतरच्या एका साली विहिरीजवळ सिमेंटचा हौद बांधायचं ठरलं. हौदात पाणी टिकलं तर मेंढरं घरी, मालकही घरी. मला सातवा महिना लागला होता. मला तो हौद हवाच होता.

माझा भाऊ हिंगोलीत गवंडीकाम करायचा. त्यानं येऊन एका दिवसात हौद उभा केला, अन् जाताना बजावलं, "अक्का, याला रोज पाणी मार. वाळू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर घेऊन गेले तर सासूबाई आडव्या आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"हात लावून बघ, ताप हाय त्याच्या अंगात. गार पाणी काहून घालून राहिली? तडकंल."

"भाऊ म्हणला, पाणी पाहिजे."

"तुझ्या माहेरी दगडालाबी आंघोळ घालत असतील. इथं न्हाई."

त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा. जन्मभर मातीच्या भिंती लिंपल्या त्यांनी. माती वाळली की पक्की, भिजली की गेली. दुपारपर्यंत हौदाची कड उन्हानं पांढरी पडली, अन् माझा जीव खालीवर.

भावाची बादली तिथंच होती. उरलेल्या सिमेंटचा गोळा तिच्यातल्या पाण्यात बुडून पडला होता. बाहेर काढला तर दगड. तो मी आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी नख लावून बघितलं, उंबऱ्यावर ठोकून बघितलं.

"पाण्यात कसा वाळला हा?"

"वाळला न्हाई आत्याबाई. पाणी पिऊन घट झाला."

"आन् ताप?"

"पिता-पिताच येत असंल."

त्यांनी गोळा उंबऱ्यावर ठेवला. मग माझ्याजवळची घागर उचलली. "सरक. तू वाकू नको."

पुढं लेकराच्या पुस्तकांवर मी अक्षरं जुळवायला शिकले, तेव्हा वाचलं. सिमेंटच्या कणांना पाणी लागलं की बारीक काटे फुटतात, अन् लोकरीत गोखरू गुंतावेत तसे एकमेकांत गुंततात. पाणी उडून जात न्हाई, बरंचसं त्या दगडातच राहतं. गुंतताना ऊबही निघते. माणसाला घट व्हायला काय लागतं, ते काही कुठल्या पुस्तकात सापडलं न्हाई मला.

त्या दुपारी वाळलेली हौदाची कड तेवढी भुसभुशीतच राहिली, बोट फिरवलं की भुकटी यायची. पण हौद भरला तेव्हा पाणी रात्रभर उतरलं न्हाई. सकाळी शेजारचे आपला कळप घेऊन नदीकडं निघाले. दारात थांबून त्यांनी मालकांना हाक दिली.

मालक हौदापाशीच आमची मेंढरं पाजत उभे होते. म्हणाले, "तुमी व्हा पुढं."