वजनबाईंचे एकवीस आकडे

वजनबाई तेवीस वर्षं एकच काम करत होत्या. वस्तीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं दर महिन्याला वजन करायचं आणि वहीत लिहायचं. सुरुवात करण्याआधी त्या काट्यावर दोन किलोचं लोखंडी वजन ठेवून बघत. आकडा बरोबर दोनवर थांबला, की मगच पहिल्या पोराला हाक. रडणाऱ्या पोरांना त्या गप्प करत नसत. "रडू दे, रडण्याचं वजन काट्यावर येत नाही," असं आयांना सांगत आणि पोर श्वास घ्यायला जरा थांबलं, की आकडा टिपून घेत. एखादी आई म्हणाली, "बाई, आठ किलो नऊशे म्हणजे नऊच की, नऊ लिहा ना," तर तिच्याकडे अशा बघत, की ती पुन्हा तोंड उघडत नसे.

हे सगळं मला नंतर कळलं. तोवर त्या माझ्या लेखी फक्त वस्ती क्रमांक चौदा होत्या.

मी आरोग्य खात्यातला आकडेवाला. सगळ्या वस्त्यांची वजनं माझ्याकडे यायची आणि मी त्यांचा नकाशा करून इंटरनेटवर टाकायचो, कुणालाही फोनवर बघता येईल असा. मुलं नीट वाढत असतील तिथे हिरवा रंग, घसरत असतील तिथे लाल. लाल वस्तीत डॉक्टरांचं पथक घरोघर जायचं. नकाशाचं कौतुक झालं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आकडे पाठवणारी माणसं चुका फार करतात, हे मी जो भेटेल त्याला ऐकवायचो. ऐंशी किलोचं तान्हं बाळ मी स्वतः कागदावर पाहिलं होतं. म्हणून मी कॉम्प्युटरला एक नियम घालून दिला. महिन्याभरात वजन अर्ध्या किलोहून जास्त घटलेलं दिसलं, तर ती लिहिण्यातली चूक समजायची आणि मागच्याच महिन्याचा आकडा ठेवायचा. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असं वाटलं.

त्या वर्षी वस्ती चौदात पाण्याचा मोठा पाइप फुटला, गटाराचं पाणी त्यात मिसळलं आणि पोरांना जुलाब लागले. महिन्याभरात वजनबाईंचा फोन आला.

"साहेब, आमच्याकडे पथक कधी येणार?"

"बाई, तुमची वस्ती हिरवी आहे."

"पोरं वाळत चाललीत, साहेब. मी आकडे पाठवलेत."

"मग काटा तपासून घ्या तुमचा."

असं मी म्हणालो. तेवीस वर्षं दर वेळी आधी काटा तपासणाऱ्या बाईला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या थेट ऑफिसात आल्या. काखेत काटा, पिशवीत वही आणि ते लोखंडी वजन. माझ्या टेबलावरच्या फाइली त्यांनी हाताने बाजूला सारल्या, काटा मांडला आणि वजन त्यावर ठेवलं. दोन किलो. आजूबाजूची टायपिंगची टकटक थांबली.

"माझा काटा तपासून झाला," त्या म्हणाल्या. "आता तुमचा दाखवा."

त्या वहीतून एकेक वजन वाचत गेल्या आणि मी पडद्यावर बघत गेलो. तिसऱ्या आकड्यालाच काय झालंय ते मला उमगलं. तरी मी त्यांना पुढे वाचू दिलं, कारण थांबवलं असतं तर बोलावं लागलं असतं. एकवीस पोरांची वजनं जुळत नव्हती. एकवीसही ठिकाणी मागच्या महिन्याचा आकडा होता.

"कुणी बदलले हे?"

"कॉम्प्युटरने," मी म्हणालो. इतकं भित्रं उत्तर मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही.

त्यांनी वही मिटली. "मग त्याला सांगा, होतं तसं लिहायला."

मी तो नियम काढून टाकला आणि वहीतले आकडे परत घातले. वस्ती लाल झाली. दोन दिवसांनी पथक निघालं तेव्हा मीही सोबत गेलो. ऑफिसात बसवेना.

तिसऱ्या घरात चौदा महिन्यांची पोरगी होती. भिंत धरून चालायला लागलेली, ती आता नुसती पडून होती. वजनबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, तर ती रडलीसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "वाचेल ही. पण आजच्या आज दवाखान्यात न्या. उशीर केलात हो तुम्ही. या वयातले दिवस नंतर भरून काढता येत नाहीत."

आई वजनबाईंकडे वळली. "मावशी, मला माफ करा. तुम्ही दोनदा सांगितलंत, हिला घेऊन जा म्हणून. मी फोनवर नकाशा काढून तुमच्याच नाकासमोर धरला. म्हटलं, वस्ती हिरवी आहे, उगाच घाबरवू नका. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं चुकीचं कशाला लिहितील."

वजनबाईंनी हे मला ऑफिसात सांगितलं नव्हतं. आताही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या काट्यावरचा आकडा वहीत लिहीत होत्या. मी गप्प राहिलो असतो तरी त्यांनी माझं नाव घेतलं नसतं, आणि गप्प राहण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला, हेही इथे लिहायलाच हवं.

"तो नकाशा मी करतो," मी म्हणालो. "यांनी तुमच्या मुलीचं वजन बरोबर लिहिलं होतं. मला ते खोटं वाटलं. मी बदललं."

ती माझ्याकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही तर हिला बघितलंही नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मी रोज बघत होते," ती म्हणाली. "रोज अंघोळ घालत होते. माझ्या हाताला हिच्या फासळ्या लागत होत्या. तरी मी तुमचंच खरं धरलं."

दवाखान्यात न्यायला काढलेले पोरीचे कपडे तिच्या हातात तसेच राहिले होते. वजनबाईंनी ते घेतले आणि एकेक घडी करून पिशवीत भरायला लागल्या. मी दारापाशी उभा होतो, आणि त्या घरात माझ्याजोगं काहीच काम नव्हतं.