दहापैकी दहाचं घर

अमेरिकेत नेपरव्हिलला घरं बघत हिंडायचो तेव्हा दर रविवारी कुठल्या ना कुठल्या ओपन हाउसला, म्हणजे विकाऊ घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तिथे, आपल्याकडचाच एक गृहस्थ भेटायचाच. त्याने माझं नाव कधी विचारलं नाही. पहिल्या भेटीत विचारलं ते एवढंच, "तुमची शाळा कितीची?" म्हणजे घराच्या पत्त्यावरून पोरांना जी सरकारी शाळा मिळते, तिला दहापैकी रेटिंग किती!

घर तो बघतच नसे. बेसमेंटमध्ये पाणी शिरतं का, छत किती जुनं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. हातात रेटिंगचा प्रिंटआउट घेऊन तो खिडकीतून शेजाऱ्यांचे पोर्च न्याहाळायचा. एखाद्या दारापुढे चपलांचा ढीग दिसला की खूश! "आपले लोक आहेत. शाळा चांगलीच असणार."

उन्हाळा संपताना एका घरी भेटला, तर तोंड पाडून उभा. शाळा तर दहाची होती.

"मग घेऊन टाका की," मी म्हटलं.

"काय घेऊन टाका? आपले लोक फार झालेत हो इथे. सगळ्यांची पोरं हुशार. आमच्या पोराचा नंबर कसा लागायचा?"

पोरगं बाबागाडीत अंगठा चोखत होतं.

तणतणत तो बाहेर आला. घर बघायला आलेल्या आम्हा सगळ्यांच्या चपला-बुटांचा पायरीवर ढीग पडला होता. त्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, "बघा! इथेही घुसलेच!"

आणि वाकून त्याच ढिगात स्वतःचे बूट शोधायला लागला.