एकदाच जुळलेली घडी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. वडील विणकर होते. एवढं शिकणारी घरात मी पहिलीच, आणि माझं लग्न त्या पदवीसाठी खोळंबलं होतं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी दिलेला विषय विभागात कुणालाच पटत नव्हता. साबणाच्या फुग्यासारखा पातळ पडदा पाण्यावर तरंगवायचा, त्यावर निकेलचे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे ठिपके चढवायचे, त्यांना चुंबक करायचं आणि पडदा दुमडायचा. वरचे ठिपके खालच्यांना ओढून घेतील आणि घडी आपोआप अचूक बसेल, असा सरांचा अंदाज. पुढे यंत्रांचे भाग इतके बारीक होतील की ते हाताने जुळवताच येणार नाहीत, असं ते म्हणायचे. नॅनो हा शब्द तेव्हा आम्ही ऐकलाही नव्हता.

पडदा कधी सुरकुतायचा, कधी तिरका चिकटायचा. कूलरच्या झोताने फाटायचा, म्हणून भर मे महिन्यात कूलर बंद ठेवून आम्ही काम करायचो. घरी वडील विचारायचे, "अजून काहून होऊन नाही राहिलं वं तुझं?"

चौथ्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं. त्याच आठवड्यात एका दुपारी मायक्रोस्कोपखाली ठिपक्यावर ठिपका बसलेला मला दिसला. मी विभागप्रमुखांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं, फोटो काढायला लावला आणि म्हणाले, एवढ्यावर प्रबंध लिहून टाक, आता सरांसाठी थांबू नकोस.

मी फोटो घेऊन तशीच धंतोलीला गेले. सरांचा उजवा हात चादरीवर निपचित पडला होता. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. मी फोटो सरांसमोर धरला.

"पुन्हा झालं?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"नाही सर. एकदाच."

"मग चुंबकानंच जुळलं, कशावरून?"

मला त्यांचा राग आला, आणि अशा अवस्थेतल्या माणसाचा राग येतो याची लाजही वाटली. काकूंनी मला बाहेर नेलं आणि हळूच सांगितलं, त्यांचं मनावर घेऊ नको, तुझी उमेदीची वर्षं चालली आहेत.

तरी पुढचे कित्येक महिने मी तेच करत राहिले. चुंबक केलेले पडदे पुन्हा जुळले नाहीत. एकदा मात्र पडताळ्यासाठी घेतलेला, चुंबक न केलेला पडदा नेमका जुळला. म्हणजे पहिली घडीही चुंबकाने नाही, योगायोगानेच जुळली असावी.

सर तोवर घरी आले होते. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं समजून काकूंनी पंखा कमी केला, पण ते जागे होते.

शेवटी मी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे, दुसऱ्या विषयावर प्रबंध केला आणि उमरेडच्या कॉलेजात शिकवू लागले. सर पुन्हा विभागात आले नाहीत. मी भेटायला गेले की ते माझ्या विद्यार्थ्यांची चौकशी करत. पडद्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.