व्याह्यांची तुरटी

आमच्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट नुसती पाहिलेली नाही. चहात साखर विरघळली की आपण चहा पितो. ते साखर कुठे गेली याची चौकशी करतात. माझी त्यांची पहिली खरी ओळख झाली ती माझ्या मुलीच्या लग्नात, दादरच्या एका कार्यालयात, विहिणींची पंगत बसलेली असताना. पंगतीतून वाट काढत ते तरातरा माझ्याकडे आले. झब्ब्याचा घोळ त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता आणि त्यावर चांगला तळहाताएवढा लाल डाग होता. मानपानात काहीतरी राहिलं, आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. मी हात जोडले. तर ते म्हणाले, "सर, तुम्ही केमिस्ट्रीचे ना? हा डाग हळदीचा होता. पिवळा. साबण लावला तर कुंकवासारखा लाल झाला! कशाने?" मी म्हटलं, हळदीला क्षार लागला की ती लाल होते, लिंबू पिळा, पुन्हा पिवळी होईल. त्यांनी शेजारच्या पानातली लिंबाची फोड, त्या बाईंना न विचारता, उचलून झब्ब्यावर पिळली. डाग पिवळा झाला. त्यांनी मला भर पंगतीत मिठी मारली. आमच्या विहीणबाई लांबून बघत होत्या, त्यांना वाटलं दोघांचं काय जमलंय! त्या दिवशी मी एक मुलगी दिली आणि साठी उलटलेला एक विद्यार्थी घेतला.

शाळेत चौतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं, पण असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. त्यांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत. मालवणहून आले आणि परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात लागले. तिथे बारा वर्षं त्यांनी पिंपांत कसल्या कसल्या पावडरी ओतल्या. हिरवट द्रावणातून काढलेलं कापड हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होताना ते रोज पाहायचे. का होतं म्हणून विचारलं तर खात्याचा मास्तर म्हणायचा, "विचारू नको, ओत." मग गिरणी बंद पडली, एका बँकेत शिपायाची नोकरी लागली, तिथे तर विचारण्यासारखं काही नव्हतंच. निवृत्त झाले आणि चाळीस वर्षांचे तुंबलेले प्रश्न एकदम बाहेर पडले. नेमका त्याच सुमाराला मी त्यांचा व्याही झालो.

जास्वंदीच्या फुलांच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या टीपकागदाच्या पट्ट्या ते शर्टाच्या खिशात ठेवतात. आंबट पदार्थात बुडवली की पट्टी गुलाबी होते, क्षार असला की हिरवी. हे मीच त्यांना सांगितलं, माझंच चुकलं. एका साखरपुड्यात त्यांनी यजमानांच्या मठ्ठ्यात पट्टी बुडवून "आंबट आहे, पण प्रमाणात आहे" असा निकाल दिला, आणि यजमान रागावण्याआधी आचाऱ्याने त्यांच्याकडून चार पट्ट्या मागून घेतल्या. डॉक्टरकडे पित्ताचं औषध मिळालं तेव्हा बाहेरच्या बाकावरच पट्टी बुडवून त्यांनी शेजारच्या पेशंटला दाखवली, "हिरवी झाली बघा. घ्या बिनधास्त." लालबागच्या त्यांच्या चाळीत तर त्यांनी एकदा हाहाकारच उडवला होता. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कठड्याजवळ, त्यांनी सहा लिंबं ओळीने मांडली, प्रत्येकात एकेक खिळा टोचला आणि तांब्याच्या तारांनी ती एकमेकांना बांधली. त्यांना लिंबांतून वीज काढायची होती. पण हे चाळीला कोण सांगणार? सकाळी नळावर जाणारी पहिली बाई ती रांग बघून जी मागे फिरली ती दुसऱ्या जिन्याने गेली. दोन दिवस सगळा मजला दुसऱ्या जिन्याने गेला. तिसऱ्या दिवशी व्याह्यांनी सगळ्यांना गोळा करून त्या तारांना एक मिणमिणता लाल दिवा लावून दाखवला. एका आजींनी दिव्याला नमस्कार केला आणि विचारलं, "आता ह्या लिंबांचं लोणचं घालता येईल का रे?" व्याह्यांनी तो प्रश्न वहीत उतरवून मला फोन केला.

त्यांची वही हा एक वेगळाच प्रकार. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, उत्तराच्या शेवटी कंसात 'सर'. पुढे त्यांनी 'रोजचं रसायन' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यांच्यासारखेच पन्नास-साठ हौशी लोक त्यात गोळा झाले. चांदीचं निरांजन काळं का पडतं, अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं तर कवच कुठे जातं, केळं फ्रिजमध्ये का काळवंडतं. सकाळी सहाला हे सगळे प्रश्न माझ्या फोनवर हजर. आता खरं सांगायचं तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. मी पाठ्यपुस्तकातलं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. पुस्तकात केळं नव्हतं. पण मुलीच्या सासऱ्याला 'माहीत नाही' कसं सांगायचं? म्हणून मी एक वाक्य तयार केलं होतं: "व्याही, हा रेणूंच्या पातळीवरचा गुंतागुंतीचा विषय आहे." ते खूश व्हायचे. आमची ही मात्र स्वयंपाकघरातून म्हणायची, "रेणूंच्या पातळीवर म्हणजे आज पण येत नाहीये वाटतं!"

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढचं सांगायलाच खरं म्हणजे मी लिहायला बसलो आहे.

व्याह्यांनी तुरटीचा स्फटिक वाढवायला घेतला. गरम पाण्यात तुरटी विरघळेल तेवढी विरघळवायची, द्रावण गाळून थंड करायचं, त्यात दोऱ्याला तुरटीचा एक कण टांगून ठेवायचा आणि वाट बघायची. पाणी हळूहळू उडून जातं, तुरटी कणावर बसत जाते. बस्स, एवढंच. पण त्यांनी ते असं केलं, जसं घरात कुणाचं बाळंतपण आहे. लोणच्याची काचेची बरणी, वर मलमलचं फडकं, बाहेरून कागदाची पट्टी आणि त्यावर दर रविवारी पाण्याच्या पातळीची पेन्सिलीची रेघ. धक्का लागू नये म्हणून त्या कोपऱ्यात केरसुणी फिरवायला बंदी. पंखा एकवर. मे महिन्यात विहीणबाई पदराने वारा घेत म्हणायच्या, "त्या दगडाक पंखो नको, माका व्हयो!" अकरा महिन्यांत तो कण मोठ्या आवळ्याएवढा झाला. आठ लखलखीत बाजू, कडा सुरीने कापल्यासारख्या. मी शाळेच्या प्रयोगशाळेत असा स्फटिक कधी पाहिला नव्हता. तो बघायला मी एका शनिवारी दुपारी गेलो.

विहीणबाईंनी पाण्याचा पेला हातात दिला आणि त्या चहाला आत गेल्या. व्याही माझ्यासाठी वडे आणायला खाली उतरले. मी बरणीसमोर बसलो. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि स्फटिकाचं टोक उघडं पडायच्या बेतात होतं. मला वाटलं, व्याह्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी दोन घोट पाणी प्यायलो होतो. उरलेला पेला फडकं बाजूला करून बरणीत ओतला. इतक्या सहज, जितक्या सहज आपण तुळशीला पाणी घालतो. मग वडे आले, चहा आला, व्याह्यांनी मला दोन नवे प्रश्न विचारले, मी रेणूंच्या पातळीवर उत्तरं दिली आणि निघालो.

हिंदमाताला बस सिग्नलला उभी होती तेव्हा मला आठवलं. संपृक्त द्रावण. इयत्ता आठवी. त्यात साधं पाणी घातलं की ते संपृक्त राहत नाही आणि आतला स्फटिक विरघळायला लागतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. अजून फार उशीर झाला नव्हता. उतरून उलटी बस पकडली असती, स्फटिक दोऱ्यासकट बाहेर काढला असता, तर तो वाचला असता. पण मग व्याह्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की चौतीस वर्षं शिकवलेलं मी विसरलो. मी खिडकीतून दुकानांतल्या साड्या बघत बसलो. सिग्नल सुटला.

सोमवारी सकाळी फोन आला. "सर, तो गेला." आवाज असा होता की हिने शेजारून विचारलं, "अगंबाई, कोण?" व्याही सांगत होते, दोऱ्याला आता तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आहे. पातळी मात्र दोन रेघा वर चढली आहे. असं कसं झालं? मी म्हणालो, हवा दमट आहे, द्रावणाने हवेतलं पाणी ओढलं असेल. "पण सर, ग्रुपवर पालीच्या एका बाईंचा स्फटिक छान वाढतोय. तिथे हवा दमट नाही?" आणि मग जे बोललो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, "व्याही, हाताहाताचा गुण असतो."

ते म्हणाले, "असेल सर. असेल."

त्यानंतर त्यांनी एकही प्रयोग केला नाही. प्रश्न चालूच होते, ग्रुप चालूच होता, पण स्वतः काही करायचं झालं की म्हणायचे, "मी हात नाही लावत. माझा हात बरोबर नाही." बरण्या विहीणबाईंच्या लोणच्याला गेल्या. अशी दोन वर्षं गेली. प्रत्येक सणाला आम्ही भेटलो आणि प्रत्येक सणाला मी पुढच्या सणाला सांगू असं ठरवलं.

गेल्या महिन्यात ते वही घेऊन माझ्याकडे आले. ग्रुपच्या लोकांनी आग्रह धरला होता की या प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका छापू या, नव्याने शिकणाऱ्यांना उपयोग होईल. छापायला देण्याआधी सरांनी एकदा नजर घालावी. मी वाचत गेलो. स्फटिकाच्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं: 'स्फटिक अचानक विरघळल्यास कारण काय? हवेतलं पाणी, आणि हाताहाताचा गुण. ज्यांचा हात चांगला नाही त्यांनी या प्रयोगाच्या वाटेला जाऊ नये. माझा स्वतःचा अनुभव. (सर)'

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन लालबागला गेलो. बसायच्या आत म्हणालो, "व्याही, पाणी मी घातलं."

"कशात?"

"तुमच्या बरणीत. दोन वर्षांपूर्वी. तुम्ही वडे आणायला गेला होतात तेव्हा."

विहीणबाई हातात झारा घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. मी सगळ्या तयारीने आलो होतो. व्याही चिडतील, उठून आत जातील, मुलीला हे कळेल. ते म्हणाले, "किती?"

"काय किती?"

"पाणी हो! किती घातलंत?"

"पेलाभर. दोन घोट मी प्यायलो होतो."

"दोनशे मिली धरू. माठातलं की नळाचं?"

"माठातलाच," विहीणबाई कडाडल्या. "पावण्यांका मी नळाचा पाणी देतंय काय?"

व्याह्यांनी कालनिर्णयाचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिलीने गणित मांडलं. एवढ्या पाण्यात एवढी तुरटी विरघळते, स्फटिकाचं वजन एवढं होतं. पेन्सील थांबली आणि ते ओरडले, "म्हणजे तो विरघळायलाच पाहिजे होता! विरघळला नसता तर चूक झाली असती! अगो, ऐकलंस? हात बरो आसा माझो!"

"मी दोन वर्षां सांगतंय," विहीणबाई म्हणाल्या, "हाताक काय एक झाला नाय. झाला ता डोक्याक." आणि झारा घेऊन आत गेल्या, पण डोळे पुसत.

व्याह्यांचा चेहरा फुलला होता. मग हळूच म्हणाले, "आणि ते हाताच्या गुणाचं, सर?"

"तेही खोटं. दुसरं काही सुचलं नाही."

आपले दोन्ही हात त्यांनी मांडीवर उलटे ठेवले, सुलटे केले, पुन्हा उलटे केले. त्या अर्ध्या मिनिटाइतकं लांब मला आयुष्यात काही वाटलेलं नाही. मग ते उठले आणि बायकोच्या लोणच्याची बरणी रिकामी करायला आत गेले. आत झालेलं भांडण मी ऐकलं. जिंकून आले.

त्या पानावरची दुरुस्ती आम्ही दोघांनी मिळून लिहिली. मी म्हटलं, माझं नाव घाला. ते ऐकेनात. "केमिस्ट्रीच्या सरांनीच पाणी ओतलं म्हटलं तर नवीन माणूस घाबरून बरणी ठेवून देईल." शेवटी त्यांनी लिहिलं: 'एका पाहुण्यांनी प्रेमाने पाणी घातले, म्हणून विरघळला.' पुस्तिकेत तसंच छापलं आहे. ज्यांच्या हातात ती पडेल त्यांच्यासाठी सांगतो, ते पाहुणे मी. 'प्रेमाने' हा शब्द व्याह्यांचा आहे.

नवं द्रावण त्याच दुपारी तयार झालं. कणाला दोरा बांधायला ते बसले तेव्हा दिसलं, दोन वर्षांत त्यांच्या बोटांना चांगलाच कंप सुटला आहे. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा कण त्यांनी धरला आणि गाठ मी मारली.

संध्याकाळी ते मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. रस्ता ओलांडायच्या आधी त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, "दोन वर्षं हे मनात घेऊन कसे राहिलात हो? फार त्रास झाला असेल तुम्हाला."

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्यात रसायनशास्त्र नव्हतं. मी "बस आली" एवढंच म्हणालो. बस आली नव्हती. पलीकडे जाऊन मी वळून पाहिलं. ते लिंबू-सोड्याच्या गाडीपाशी उभे राहून गाडीवाल्याला काहीतरी विचारत होते, आणि तो बिचारा हातातली बाटली तशीच धरून, गिऱ्हाइकांना थांबवून, ऐकत होता.